शेपटीतले वजन: एका द्विपंखी ॲरोबॅटिक मॉडेलच्या संतुलनाचे प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातील एका शहराबाहेरच्या माळरानावर रेडिओ नियंत्रित विमाने उडवणारा एक लहान गट आहे. हे प्रकरण त्या गटातले असून संबंधितांच्या संमतीने येथे मांडले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. मोजमापे मात्र वहीत नोंदवली होती तशीच ठेवली आहेत. मी या गटाचा सदस्य असून पहिल्या उड्डाणाच्या वेळी माळावर होतो आणि नंतरची मोजणीही माझ्यासमोर झाली. ते माळ ड्रोन नियम, २०२१ खालच्या नकाशात हिरव्या पट्ट्यात मोडते, त्यामुळे तेथे जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत उड्डाण करता येते.

प्रकरणात मुख्य माणसे दोन. विमान बांधणारे गृहस्थ लेथ वर्कशॉप चालवतात. त्यांच्या हातात सफाई आहे आणि बाल्सा लाकडाचे काम ते गटात सर्वांत नेटके करतात. उडवणारा अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. तो वयाने त्यांच्यापेक्षा बराच लहान, पण ट्रान्समीटरवरचा हात गटात सर्वांत तयार. बांधणाऱ्याला तो ‘दादा’ म्हणतो. तिसरे एक निवृत्त वायुदल तंत्रज्ञ, ज्यांना सगळे ‘काका’ म्हणतात, ते पुढे या प्रकरणात येतील.

निवडलेले विमान होते पिट्स स्पेशल. कर्टिस पिट्स यांनी अमेरिकेत घडवलेले हे छोटे द्विपंखी विमान १९४४ साली प्रथम उडाले. हवाई कसरती (ॲरोबॅटिक्स) करणाऱ्या वैमानिक बेटी स्केल्टन यांनी ते गाजवले, आणि १९७२ साली फ्रान्समधील सलाँ-द-प्रोवान्स येथे झालेल्या जागतिक ॲरोबॅटिक स्पर्धेत अमेरिकी संघ याच विमानांवर जिंकला. त्याची ठेवण मुद्दाम आखूड आहे: लहान पंख, लहान धड, सगळे जड भाग मध्याजवळ. त्यामुळे ते झटकन वळते आणि स्वतःच्या लांबीभोवती झटकन लोळते. मॉडेल बांधणाऱ्याला मात्र हीच ठेवण अडचणीत आणते, कारण नाक आखूड असले की शेपटीतले वजन तोलायला पुढे जागा आणि अंतर दोन्ही कमी पडते.

मूळ नकाशा १,००० मिमी पंखविस्ताराच्या आणि ग्लो इंजिनावर (इंधनावर चालणारे छोटे मॉडेल इंजिन) चालणाऱ्या मॉडेलचा होता. दादांनी तो मूळच्या १२० टक्के आकाराचा करून घेतला आणि इंजिनाऐवजी विजेची मोटर बसवली. तयार मॉडेलचा वरचा पंख १,२०० मिमी, खालचा १,१२० मिमी, दोन्हींची रुंदी २१० मिमी आणि उड्डाणाचे वजन २,४८० ग्रॅम भरले. सहा सेलची ३,३०० मिलिअँपिअर-अवर क्षमतेची लिथियम पॉलिमर बॅटरी ५२० ग्रॅमची होती. पूर्ण थ्रॉटलला मोटर सुमारे १,००० वॅट ओढत असे. एवढ्या वजनाला ही ताकद भरपूर आहे, आणि पुढची चूक काही काळ झाकली गेली ती या ताकदीमुळेच.

अडचण

नकाशावर गुरुत्वमध्य (विमान ज्यावर तोल धरते तो बिंदू) वरच्या पंखाच्या मध्यभागी, पुढच्या काठापासून १०५ मिमी मागे दाखवला होता. मोठ्या केलेल्या मॉडेलसाठी तो १२६ मिमी येतो, आणि हा गुणाकार दादांनी केलाही होता. प्रत्यक्षात मॉडेल तोलले तेव्हा ते १४८ मिमीवर तोल धरत होते, म्हणजे २२ मिमी मागे. कारणे उघड होती. ग्लो इंजिन आणि त्याचा सायलेन्सर यांचे वजन नाकात गृहीत धरलेले होते, तर मोटर त्याच्या जवळपास निम्मीच होती. शिवाय एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीचा हलता भाग) आणि रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारा भाग) यांचे सर्व्हो, म्हणजे ते हलवणाऱ्या छोट्या मोटरी, ओढण्या (जोडणाऱ्या काड्या) लहान राहाव्यात म्हणून शेपटीजवळ बसवले होते.

येथे पहिला निर्णयाचा क्षण आला. बॅटरीचा कप्पा चिकटवून झाला होता, धडावर फिल्म (सांगाड्यावर चढवायचे पातळ आवरण) चढली होती, शेपटीवर तर पांढऱ्या फिल्मवर लाल पट्ट्यांचा दुसरा थर होता. दादांना कोणीतरी सांगितलेला एक ठोकताळा आठवला: द्विपंखी विमानात वरच्या पंखाच्या पुढच्या काठापासून खालच्या पंखाच्या मागच्या काठापर्यंतचे सगळे अंतर एकच पंख समजावे, आणि तोल त्याच्या निम्म्याच्या अलीकडे असला की विमान उडते. हे अंतर ३२० मिमी होते. १४८ हे त्याच्या ४६ टक्के. ठोकताळ्यात बसले, म्हणून मॉडेल तसेच माळावर आले.

हा ठोकताळा चुकीचा आहे. तो दोन पंखांमधल्या मोकळ्या जागेलाही पंख समजतो. खरा हिशेब प्रत्येक पंखाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात करावा लागतो. पिट्सचा वरचा पंख मागे झुकलेला असतो, त्यामुळे त्याचा सरासरी पुढचा काठ मध्यापासून ३५ मिमी मागे पडतो. खालचा पंख सरळ असून त्याचा पुढचा काठ ११० मिमी मागे आहे. वरच्या पंखाकडे एकूण क्षेत्रफळाचा ५१.७ टक्के वाटा आहे, खालच्याकडे उरलेला. त्या प्रमाणात दोन्ही आकडे मिळवले की एकत्रित पंखाचा पुढचा काठ ७१ मिमीवर येतो. तेथून २१० मिमी रुंदीच्या २६ टक्के मागे गेल्यास १२६ मिमी, म्हणजे नकाशाचाच आकडा मिळतो. १४८ मिमी म्हणजे जवळपास ३७ टक्के. एवढ्या मागे तोल असलेल्या या ठेवणीच्या विमानात स्वतःहून सरळ राहण्याची प्रवृत्ती जवळजवळ संपलेली असते.

उड्डाणाआधी विद्यार्थ्याने मॉडेल वरच्या पंखाखाली दोन बोटांवर उचलून पाहिले. माझ्या समोर झालेला संवाद एवढाच होता. “दादा, शेपटी जरा जड वाटते का?” “गणित काढलंय मी. तू उडव.” त्यावर तो काही बोलला नाही. त्याच्या जागी दुसरा कोणी असता तरी बहुधा बोलला नसता, कारण महिनोन्महिने रात्री जागून बांधलेले विमान समोर होते आणि ते पाहायला दादांच्या घरची मंडळी आली होती.

एप्रिलच्या दुपारी चारला विमान सुटले. माळ समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे आणि तापमान ३६ अंश होते. अशा वेळी हवेची घनता समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेपेक्षा १२ ते १३ टक्के कमी असते आणि विमान तरंगत राहण्याचा किमान वेग सुमारे ७ टक्के वाढतो. पश्चिमेचा वाराही झोत घेऊन येत होता. विद्यार्थ्याने एलेव्हेटर ओढण्याआधीच मॉडेल उचलले गेले आणि नाक वर जाऊ लागले. खाली दाबण्याचा सगळा ट्रिम (ट्रान्समीटरवरून कायम दिलेली बारीक दुरुस्ती) देऊनही ट्रान्समीटरची काठी पुढे धरून ठेवावी लागत होती. दुसऱ्या वळणात काठीच्या किंचित हालचालीने विमानाने डावीकडे झटक्यात अर्धी कोलांटी घेतली. उंची होती म्हणून ते सावरले. त्याने लगेच उतरवायचे ठरवले, आणि तो निर्णय योग्य होता. उतरताना जमिनीजवळ नाक पुन्हा उसळले, डावा पंख ढासळला आणि विमान त्या बाजूवर आदळले. खालच्या डाव्या पंखाचे टोक, चाकांच्या बैठकीचा प्लाय आणि प्रॉपेलर एवढे मोडले. बाकी सांगाडा वाचला.

पर्याय

त्या आठवड्यात वर्कशॉपवर जी चर्चा झाली तीच या प्रकरणाचा गाभा आहे. जून तोंडावर होता. पावसात ते माळ बंद असते आणि दमट हवेत फिल्मही सुरकुतते. म्हणून सगळ्यांना घाई होती.

सर्वांत सोपा पर्याय नाकात शिसे घालण्याचा. गणित साधे आहे. २,४८० ग्रॅमला २२ मिमी पुढे आणायचे म्हणजे सुमारे ५४,५०० ग्रॅम-मिमीचे आघूर्ण (वजन गुणिले अंतर) हवे. मोटर इच्छित तोलबिंदूपासून २४६ मिमी पुढे होती. तेथे ते भरून काढायला २२० ग्रॅम शिसे लागले असते. एका संध्याकाळचे काम. पण वजन २,७०० ग्रॅमवर गेले असते, उतरण्याचा वेग आणखी ४ टक्क्यांनी वाढला असता, आणि प्रत्येक आदळण्यात तो शिशाचा गोळा फायरवॉलला (मोटर बसवलेल्या पुढच्या भिंतीला) हिसका देणार होता. शिसे घालायचेच तर त्याऐवजी जड मोटर घ्यावी, ही एक सूचनाही आली. ती वाईट नव्हती, पण खर्चाची होती.

गटातल्या तरुणांचा कल जायरोकडे, म्हणजे विमानाचे हलणे ओळखून ते आपोआप आवरणाऱ्या उपकरणाकडे होता. आजकाल रिसीव्हरमध्येच स्थैर्य देणारा जायरो येतो, तो लावावा, काठीने होणारी हालचाल कमी करावी, एक्स्पो (काठीच्या मध्याजवळचा प्रतिसाद सौम्य करणारी सेटिंग) वाढवावा. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी कोणत्याही परिस्थितीत करायलाच हव्या होत्या, कारण पहिल्या उड्डाणात एलेव्हेटर दोन्ही बाजूंना ३० अंश हलत होता. जायरोबद्दल मात्र माझे मत तेव्हाही स्पष्ट होते आणि आजही तेच आहे. तो विमानाचे हलणे दाबतो, तोल बदलत नाही. वेग कमी झाला की एलेव्हेटरवर हवाच उरत नाही, आणि मग जायरोच्या हातातही काही उरत नाही. ॲरोबॅटिक विमान मुद्दाम स्पिनमध्ये (गिरक्या घेत खाली पडण्यात) घालायचे असते; शेपटी जड असेल तर ते सपाट फिरत खाली येते आणि बाहेर पडत नाही.

नाक ४० मिमीने लांब करण्याचा विचार दादांनीच बाजूला सारला. ते पिट्स राहिले नसते.

मग उरला तो कष्टाचा पर्याय: फिल्म फाडायची, शेपटीतले वजन काढायचे, आहे ते पुढे सरकवायचे. येथे काकांनी एकच गोष्ट पाटीवर लिहिली, आणि तिने चर्चेचा रोख बदलला. शेपटीचे टोक तोलबिंदूपासून ७०० मिमी मागे, मोटर २४६ मिमी पुढे. म्हणजे शेपटीतला एक ग्रॅम नाकातल्या जवळजवळ तीन ग्रॅमएवढा. “शिसं नाकात घालण्याआधी शेपटीत कुठं लपलंय ते शोध,” असे ते दादांना म्हणाले.

दादा त्या दिवशी काही ठरवून उठले नाहीत. दोन दिवसांनी त्यांनी विद्यार्थ्याला बोलावले आणि शेपटीवरचे पट्टे त्याच्या देखत सोलून काढले.

कृती

पहिली गोष्ट मोजणी. मॉडेल वरच्या पंखाच्या मधल्या खांबांना दोरी बांधून आडवे टांगले आणि गवंड्याचा ओळंबा सोडून तोलबिंदू तपासला. बोटांनी काढलेला १४८चा आकडा बरोबर निघाला. नंतर प्रत्येक सुटा भाग स्वयंपाकघरातल्या एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तोलून त्याचे तोलबिंदूपासूनचे अंतर वहीत लिहिले.

वहीतल्या ओळींवरून कामाचा क्रम आपोआप ठरला. बॅटरीचा कप्पा तोडून, पुढच्या फॉर्मरला (धडाच्या आडव्या चौकटीला) खिडकी पाडून बॅटरी ४० मिमी पुढे सरकवली. त्याने २०,८०० ग्रॅम-मिमी मिळाले. शेपटीजवळचे प्रत्येकी २० ग्रॅमचे दोन सर्व्हो कॉकपिटच्या खाली, ५१० मिमी पुढे आणले. त्यांच्या लांब तारा निघाल्या, पण आता एलेव्हेटर आणि रडरपर्यंत कार्बनच्या दोन ओढण्या घालाव्या लागल्या. वजाबाकी करून तेथे १८,६०० उरले. पोलादी कांबीचे जड टेलव्हील बदलून १५ ग्रॅम हलके बसवले, त्याचे १०,५००. शेपटीवरची दुहेरी फिल्म उतरवून एकेरी चढवल्याने ८ ग्रॅम गेले, त्याचे ५,२००. बेरीज ५५,१०० झाली. हवे होते ५४,५००. शिशाचा एक कणही लागला नाही, आणि दुरुस्तीचा प्लाय व गोंद धरूनही एकूण वजन २,४८० ग्रॅमच्या वर गेले नाही.

लांब ओढण्यांबद्दल विद्यार्थ्याची शंका रास्त होती. सर्व्हो शेपटीजवळ ठेवतात ते ओढणी वाकू नये म्हणून; वाकणारी ओढणी वेगात एलेव्हेटरला फडफडू देते आणि फडफड सुरू झाली की शेपटी सेकंदांत फाटते. म्हणून कार्बन नळीला धडात दोन ठिकाणी आधार दिला, आणि एलेव्हेटर हाताने दाबून सर्व्होच्या भुजेपर्यंत कुठेही ढिलाई जाणवत नाही याची खात्री केली.

या कामात एक अनपेक्षित दोष सापडला, आणि तो केवळ काकांच्या आग्रहामुळे. तुटलेला पंख पुन्हा बसवताना त्यांनी दोन्ही पंखांचे बसण्याचे कोन डिजिटल लेव्हलने मोजायला लावले. वरचा पंख आणि मागचा आडवा पंख शून्यावर होते, पण खालचा पंख दीड अंश वर डोकावत होता. पंखाच्या बैठकीत कापताना फरक पडला होता. पिट्समध्ये वरचा पंख पुढे आणि खालचा मागे असतो. वरचा आधी स्टॉल झाला, म्हणजे त्याची उचल संपली, तर पुढचा आधार जातो आणि नाक आपसूक खाली पडते, वेग परत येतो. खालचा आधी स्टॉल झाला तर मागचा आधार जातो आणि नाक वर उसळते. उतरताना जमिनीजवळ जे घडले त्यात जड शेपटीइतकाच या दीड अंशाचाही हात असावा, असे आम्हाला वाटते. बैठक घासून खालचा पंख शून्यावर आणला.

एलेव्हेटरची हालचाल १२ अंशांवर आणली, ३० टक्के एक्स्पो दिला, मोठी हालचाल वेगळ्या स्विचवर ठेवली. तोलबिंदू ओळंब्याने पुन्हा तपासला: १२६ मिमी. या वेळी वही विद्यार्थ्याच्या हातात होती आणि आकडा त्याने स्वतः वाचला.

परिणाम

दुसरे उड्डाण सकाळी साडेसहाला, वारा उठण्यापूर्वी झाले. पाहुणे कोणी बोलावले नव्हते. मॉडेलने शेपटी उचलली, धाव पुरी केली आणि ओढल्यावरच जमीन सोडली. ट्रिमचे दोन-तीन टिचके पुरले. वर नेऊन थ्रॉटल बंद करून काठी ओढत नेली, तेव्हा नाक सरळ खाली पडले, पंख ढासळला नाही. मग ४५ अंशांत चढवत उलटे केले. तोल ठीक असेल तर विमान ती रेघ जवळपास धरून ठेवते, आणि याने ती धरली. स्पिनमधून काठ्या सोडताच ते अर्ध्या फेरीत बाहेर आले. दादा धावपट्टीच्या कडेला उभे राहून सबंध वेळ काही बोलले नाहीत. उतरल्यावर त्यांनी आधी बॅटरीचे तापमान पाहिले.

सगळेच सुटले असे नाही. नाईफ-एजमध्ये (विमान कुशीवर धरून सरळ उडवताना) मॉडेल चाकांच्या दिशेने ओढले जात होते. ते रडरसोबत थोडा एलेव्हेटर मिसळून ट्रान्समीटरमध्ये दुरुस्त केले. द्विपंखी विमानाचा हवेतला अडथळा मोठा, थ्रॉटल बंद केला की ते दगडासारखे खाली येते, त्यामुळे चाके टेकेपर्यंत थोडी ताकद ठेवून उतरावे लागते. ही सवय लागेपर्यंत एकदा ते मुरुमावर नाकावर उलटले आणि दुसरा प्रॉपेलर गेला. १२६ मिमीवर स्नॅप रोल (झटक्यात घेतलेली लोळण) आळसटलेला वाटतो, अशी विद्यार्थ्याची तक्रार होती. तेव्हा बॅटरी थोडी-थोडी मागे सरकवत, प्रत्येक वेळी स्टॉल आणि स्पिन पुन्हा तपासत, ते १२९ मिमीवर थांबले. त्यापुढे जाण्याची कल्पना विद्यार्थ्यानेच नाकारली.

वेगळे काय करता आले असते

तांत्रिक उत्तर सरळ आहे. नकाशा मोठा करताना आणि इंजिनाची मोटर करताना वजनाचा सगळा हिशेब बदलतो, हे फिल्म चढवण्यापूर्वी तपासायला हवे होते. उघडा सांगाडा, मोटर, बॅटरी आणि सर्व्हो टाचण्यांनी जागच्या जागी लावून एकदा तोलले असते, तर २२ मिमीचा फरक तेव्हाच दिसला असता आणि सर्व्होची जागा बदलण्याचे काम तासाभराचे झाले असते. बॅटरीचा कप्पा शेवटी चिकटवायचा असतो, हे दादांना माहीत नव्हते असे नाही. सुबकतेच्या ओढीने त्यांनी तो आधी पुरा केला.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो दोन बोटांवर विमान उचलल्यानंतरचा क्षण. तेव्हा योग्य माहिती माळावर हजर होती, ती विद्यार्थ्याच्या बोटांत होती. तिला थांबवले ते वयाच्या आदराने आणि पाहुण्यांच्या उपस्थितीने. बांधणारा आणि उडवणारा वेगळे असतील तर ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार उडवणाऱ्याचा असावा, आणि तो वापरताना त्याला कारण सिद्ध करून दाखवावे लागू नये. आता गटात पहिल्या उड्डाणाआधी तोलबिंदू, कोन आणि हालचाली उडवणारा स्वतः मोजतो, बांधणाऱ्याने मोजलेल्या असल्या तरी. दादांनी हा नियम मांडला, हे येथे मुद्दाम नोंदवतो.

काही प्रश्न खुले आहेत. नुसते शिसे घालून विमान चालले नसते का? बहुधा चालले असते, आणि ज्याला पावसाआधी उडवायचेच आहे त्याने तसे केले तर मी त्याला दोष देणार नाही. पण मग खालच्या पंखाचा दीड अंश सापडला नसता, कारण तो शोधायला कोणी पंख खोललाच नसता. पहिल्या उड्डाणात हालचाली कमी असत्या तर विमान वाचले असते का, यावर आमच्यात एकमत नाही. काकांच्या मते वाचले असते आणि तेच वाईट झाले असते, कारण सदोष विमान तसेच उडत राहिले असते.

दादांनी आता त्याच नकाशावरून दुसरे मॉडेल लावायला घेतले आहे. त्याच्या शेपटीचा सांगाडा ४२ ग्रॅमचा झाला आहे आणि तो आकडा लाकडावरच पेन्सिलीने लिहिला आहे. बॅटरीच्या कप्प्याला अजून गोंद लागलेला नाही.